मुलगा भरलेली बाटली तशीच परत आणतो

पानगळ | सोमवार, रात्री ११:४०

बरीच वर्षं इथे रोमात (म्हणजे नुसती वाचणारी) आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. गेले दोन-अडीच महिने शाळेतून आला की दारातून थेट बाथरूमकडे पळतो. पायांत बूट, पाठीवर दप्तर, तसाच. आणि सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली जशीच्या तशी परत. मी रोज ओरडायचे, "दिवसभरात घोटभर पाणी प्यायला काय होतं तुला?" बाटली बदलून पाहिली, रंगीत आणली, नळीवाली आणली. ढिम्म.

मागच्या आठवड्यात लघवीला जळजळ व्हायला लागली म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि औषध लिहिता लिहिता, मान वर न करता त्यालाच विचारलं, "शाळेत शू ला जातोस का रे?" तो गप्प. मी तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "नाही."

त्या रात्री दिवा घालवल्यावर, भिंतीकडे तोंड करून, सगळं बाहेर आलं. मधल्या सुट्टीत तीन मुलं स्वच्छतागृहाशी उभी असतात. हा आत गेला की बाहेरून दार धरून ठेवतात, घंटा होईपर्यंत. एकदा वरून पाणी ओतलं आणि वर्गात जाऊन सांगितलं की ह्याने चड्डीत केली. तेव्हापासून एक टोपणनाव पडलं आहे, ते मी इथे लिहीत नाही. अर्धा वर्ग त्याच नावाने हाक मारतो. मग ह्याने पाणीच बंद केलं. पाणी प्यायलं नाही की जावं लागत नाही, गेलं नाही की दार धरलं जात नाही. एवढ्याशा पोराने हा उपाय स्वतःचा स्वतः शोधून काढला आणि मी त्याला बाटलीवरून बोलत होते.

सांगून झाल्यावर म्हणाला, "आई, कुणालाच सांगायचं नाही. घे शपथ." मी घेतली. त्या क्षणी दुसरं काय करणार होते?

नवरा म्हणतो, उद्याच शाळेत जाऊन एकेकाची चामडी लोळवतो. सासूबाई म्हणतात, मुलं आहेत, चालायचंच. माझी झोप उडाली आहे. शपथ पाळू की मोडू?

तिरपागडा | सोमवार, रात्री ११:५८

सोपं आहे. तिघांत जो म्होरक्या असेल त्याच्या नाकावर एक ठेवून द्यायला सांगा. एकदाच. पुन्हा वाटेला जाणार नाहीत. माझ्या वडिलांनी मला हेच सांगितलं होतं आणि ते लागू पडलं. आजकाल पोराला ठेच लागली तरी समुपदेशक लागतो.

जाता जाता : नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगून झालंय, म्हणजे शपथ मोडलेलीच आहे.

पानगळ | मंगळवार, रात्री १२:०६

हो, मोडलीच की. लिहितानाही माझ्या ध्यानात आलं नाही.

कोरा_कागद | मंगळवार, सकाळी ७:३०

तिरपागडा, आम्ही अगदी हेच केलं होतं, म्हणून लिहितो.

मुलगा सहावीत होता. मागच्या बाकावरचा एकजण महिनाभर बुटाने त्याच्या पाठीत टोचत होता, दप्तरातली कंपासपेटी कचऱ्याच्या डब्यात टाकत होता. मी दोन रविवार त्याला उशी धरून ठोसे मारायला शिकवलं. मला त्यात मजाही वाटली, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी ह्याने खरंच वळून ठोसा मारला, आणि सर नेमके त्याच क्षणी वळले. महिनाभर टोचलेलं कुणी पाहिलं नव्हतं, हा एक ठोसा चाळीस जणांनी पाहिला. डायरीत लाल शेरा ह्याला. वर्गासमोर माफी ह्याने मागितली. समोरच्याने ती हसून 'स्वीकारली'.

घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "मी तुमचं ऐकलं होतं, बाबा."

त्यानंतर वर्षभर त्याने आम्हाला शाळेतलं काहीच सांगितलं नाही. ठोसा चुकला याचं मला फार दुःख नाही, हे गप्प होणं महागात पडलं. तुमचं लागू पडलं कारण समोर बहुधा एकटाच होता आणि बळाने तुमच्याच तोडीचा. इथे तिघे आहेत आणि हा आत कोंडलेला आहे. नाक कुणाचं शोधायचं?

फळा_खडू | मंगळवार, दुपारी ४:१५

बावीस वर्षं शिकवते आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगते. कोरा_कागद यांनी लिहिलं ते आम्ही रोज पाहतो आणि, कबूल करते, त्यात चुकतोही. फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना कानावर येतो तो शेवटचा आवाज. छळणारा सराईत असतो, तो आवाज करत नाही. ज्याचा बांध फुटतो तो करतो, आणि आम्ही त्यालाच उभं करतो.

एक गोष्ट आधी वेगळी काढू. भांडण आणि छळ या दोन गोष्टी आहेत. या विषयातलं मूळ नाव डॅन ओल्वेयस. त्यांनी १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये शाळकरी मुलांच्या छळाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, पुढचं काम नॉर्वेत केलं. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी जीव दिला, त्यामागे सोबत्यांकडून झालेला छळ असावा असं समोर आलं, आणि १९८३ मध्ये तिथल्या सरकारने देशभरातल्या शाळांत मोहीम काढली. ओल्वेयस यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही सगळीकडे वापरतात : मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि बळाचं पारडं एकीकडे झुकलेलं असतं.

शाळा विसरते ती तिसरी खूण. बळ म्हणजे अंगातली रग नव्हे. संख्या हे बळ, वर्गातली वट हे बळ, तुमचं एखादं गुपित माहीत असणं हेही बळच. म्हणून 'दोघांना समोरासमोर बसवा, हात मिळवा, मिटवा' हे भांडणाला ठीक आहे, इथे नाही. हात मिळवताना एकजण दुसऱ्याची बोटं आवळत असतो, हे मी दोन फुटांवरून पाहिलं आहे. पानगळ, शाळेने 'चौघांना एकत्र बसवतो' म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा.

आता शाळेत कसं जायचं ते. 'माझ्या मुलाला सगळे त्रास देतात' असं म्हणत येऊ नका. आमचे कान तिथेच मिटतात. 'मंगळवारी मधल्या सुट्टीत अमुक मजल्यावरच्या स्वच्छतागृहाचं दार घंटा होईपर्यंत बाहेरून धरलं होतं' असं या. एक वही करा. तारीख, जागा, काय झालं, कोण बघत होतं. शब्द मुलाचे, विशेषणं तुमची असतील तेवढी गाळा. आणि मागणी एकच, करता येईल अशी : त्या वेळेला त्या जागी मोठं माणूस उभं राहिलं पाहिजे. छळाच्या जागा ठरलेल्या असतात हो. जिन्याचं वळण, स्वच्छतागृह, बसची शेवटची रांग, मैदानाचा तो एक कोपरा. जिथे आमची नजर नसते तिथेच तो होतो.

भेट झाली की त्याच दिवशी, ठरलं काय ते लिहून पाठवा आणि पुढची तारीख तिथेच मागून घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. लेखी आलं की फाइलला लागतं, फाइलला लागलं की आम्हाला हलावंच लागतं. (हे मी लिहिलं म्हणून आमच्या मुख्याध्यापिकेला सांगू नका.)

अर्धविराम | मंगळवार, संध्याकाळी ६:०२

फळा_खडू यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. पण त्याआधीची पायरी राहिली आहे, शपथेची.

मी सातवीत असताना आईला सांगितलं होतं. 'कुणाला सांगू नकोस' हेही सांगितलं होतं. आई दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला थेट वर्गाच्या दारात. सगळ्यांसमोर, "कोण गं ती? उभी राहा." माझ्या आईइतकी शूर बाई मी पाहिली नाही. पण त्या दिवशी बाकाखाली शिरावंसं वाटलं होतं. त्रास थांबला नाही, त्यात 'आईचं बाळ'ची भर पडली. त्यानंतर मी आईला काहीही सांगितलं नाही. नोकरीत फार वाईट दिवस आले तेव्हाही नाही. तिला अजून वाटतं, तिने ते प्रकरण मिटवलं.

शपथ मोडू नका आणि पाळूही नका, सोडवून घ्या. 'कुणाला सांगू नकोस' म्हणताना त्याला नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा. मुलाच्या डोक्यात एक चित्र असतं : आई शाळेत गेली, मग असं झालं, मग तसं झालं. ते चित्र एकदा त्याच्या तोंडून ऐका. मोठ्या शपथेच्या जागी छोटी शपथ द्या, 'तुला कळल्याशिवाय मी काही करणार नाही.' ही पाळता येते. कोणत्या बाईंना सांगायचं, तो बरोबर येणार की नाही, कोणता शब्द उच्चारायचा नाही, हे त्याला ठरवू द्या. पण सांगायचं की नाही, हे मात्र त्याच्यावर सोडू नका. ते ओझं नऊ वर्षांच्या खांद्यांचं नाही.

आणि नवऱ्याला सांगितलंत हे त्याला आजच सांगून टाका. नंतर कळलं तर वाईट.

पानगळ | मंगळवार, रात्री १०:५०

आत्ताच बोलून आले. दिवा घालवूनच. समोरासमोर त्याला जमत नाही असं दिसतंय, अंधारात किंवा गाडीत मागे बसलेला असताना बोलतो.

बाबांना सांगितलं म्हटल्यावर म्हणाला, "माहितीये. ते माझ्याशी एकदम चांगलं वागायला लागले." :-)

भीती कशाची विचारलं. मला वाटलं होतं, ती मुलं मारतील ही भीती असणार. नाही. म्हणाला, "तू सांगशील, मग बाई वर्गात विचारतील, ह्याला अमुक नावाने कोण हाक मारतं? बाईंच्या तोंडून ते नाव आलं की मग ते खरंच होईल."

मला हे दहा वर्षांत सुचलं नसतं. तर ठरलं असं : मी बाईंना लिहून देणार, त्यात ते नाव नसेल, आणि वर्गात काहीही जाहीर विचारायचं नाही ही पहिली अट. कागद आधी तो वाचणार.

निवांत | बुधवार, सकाळी ९:२०

फार छान बोललात मुलाशी. मी थोडी अभ्यासाची भर घालतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

आपण सगळे त्या तिघांबद्दल बोलतोय. धाग्यात अजून न आलेली मंडळी म्हणजे बाकीचा वर्ग. कॅनडात काही संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून छळाचे प्रसंग टिपले, तो अभ्यास २००१ मध्ये आला. दर १०० पैकी ८८ प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती. कुणीतरी मध्ये पडलं ते फक्त १९ प्रसंगांत. पण पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार १० सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! हे वाचल्यापासून मी मोठी भाषणं द्यायचं सोडून दिलं आहे.

फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये या बघ्यांची वर्गवारी मांडली. कुणी हाताखाली काम करतो, कुणी हसून टाळी देतो, कुणी लांब राहतो, कुणी बाजू घेतो. त्यातूनच पुढे तुर्कू विद्यापीठाने 'किवा' नावाचा कार्यक्रम बांधला आणि २००९ पासून तो फिनलंडभर पसरला. त्याचा मुख्य भर छळणाऱ्याला 'सुधारण्या'पेक्षा हसणाऱ्यांचं हसू काढून घेण्यावर आहे. प्रेक्षक उठून गेले की खेळ पडतो.

अशा कार्यक्रमांनी सगळं आलबेल होतं असं नाही. जगभरचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले तर छळ सोसण्याचं प्रमाण साधारण १५-१६ टक्क्यांनी कमी होतं. आणि एक विचित्र गोष्ट : ज्या वर्गात छळ कमी होतो, तिथे अजूनही छळ सोसणाऱ्या एकट्यादुकट्याला जास्त वाईट वाटतं. कारण मग त्याला वाटतं, बाकी सगळ्यांचं ठीक आहे म्हणजे खोट माझ्यातच आहे.

काजवा | बुधवार, रात्री ११:३१

हा प्रतिसाद तीनदा लिहून खोडला.

मी तो दार धरणारा होतो. म्होरक्या नव्हे, कडी धरणारा दुसरा. आमच्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलायचा. त्याची नक्कल आमचा म्होरक्या करायचा आणि हसायचं काम माझं. मला ते कधीच गमतीचं वाटलं नाही. पण मी हसलो नसतो तर पुढची नक्कल माझी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझे कान मोठे आहेत.

बाईंनी आम्हाला ओरडून पाहिलं, पट्टीने मारून पाहिलं, बाहेर उभं केलं. उलट वट वाढली. ते बंद कसं झालं सांगतो. वर्गात एक मुलगा होता, अभ्यासात बेतास बात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एक दिवस नक्कल रंगात आली असताना तो शांतपणे उठला, त्या अडखळणाऱ्या मुलाच्या दप्तराचा पट्टा धरला आणि म्हणाला, "चल रे, उशीर होतोय." आणि त्याला घेऊन गेला. आम्हाला एक शब्द बोलला नाही. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही चौघे तोंडं उघडी टाकून उभे. ज्याच्यासाठी चाललं होतं तोच निघून गेला, आता हसायचं कशाला? असं पाच-सहा वेळा झालं आणि आमच्या म्होरक्याचा रस संपला.

निवांत यांचे दहा सेकंद वाचले आणि तो दप्तराचा पट्टा आठवला. पानगळ, तुमच्या मुलाच्या वर्गात असा एखादा अध्यात ना मध्यात असलेला मुलगा असेल. वीर शोधू नका. त्याला घरी खेळायला बोलवा, बाकी काही सांगू नका.

टिवल्याबावल्या | गुरुवार, सकाळी ८:४५

काजवा, लिहिलंत हे बरं केलंत.

मुलींचं लिहिते, कारण तिथे दार धरत नाहीत, ग्रुपमधून काढतात. माझ्या लेकीच्या मैत्रिणींनी तिला वगळून नवा ग्रुप केला, नाव जवळजवळ तेच, एक टिंब जास्त. शाळेत तिच्याशी सगळ्या नीट बोलायच्या आणि ती वळली की डोळे. शाळेला सांगायला गेलं तर काय सांगणार? 'त्यांनी डोळे केले'? अंगावर ओरखडा नसतो त्यामुळे आपलंच मूल हळवं ठरतं.

एक चूक केली ती सांगते. मी चिडून तिचा मोबाइल काढून घेतला. तिच्या दृष्टीने मी तिलाच शिक्षा केली. पुढच्या वेळी तिने लपवलं. करायचं होतं ते हे : स्क्रीनशॉट जपायचे, उत्तर द्यायचं नाही, ब्लॉक करायचं, आणि वर्गाबाहेरची एखादी मैत्री धरून ठेवायची. कराटे, तबला, पोहणं, काहीही. कराटे मारामारीसाठी म्हणत नाही मी. जिथे कुणालाच ते टोपणनाव माहीत नाही असे आठवड्यातले दोन तास मिळतात, त्यासाठी.

तिरपागडा | गुरुवार, दुपारी १:१०

कोरा_कागद, पटलं. समोर एकटाच होता हे खरं आहे, तुम्हाला कसं कळलं?

पण एक विचारू का सगळ्यांना? वही करा, कागद लिहा, बघ्यांना बदला, सगळं मान्य. उद्या सकाळी साडेदहाच्या सुट्टीत त्या पोराने काय करायचं? मुळूमुळू रडायचं?

फळा_खडू | गुरुवार, दुपारी ३:५०

प्रश्न अगदी रास्त आहे.

'दुर्लक्ष कर' हे आम्ही सगळे सांगतो आणि ते बहुतेक वेळा निरुपयोगी असतं. कारण मूल दुर्लक्ष करतंय हे त्याच्या लाल कानांवरून सगळ्यांना दिसतं. तोडीस तोड टोमणा मारायला शिकवणंही नको, मग ती जुगलबंदी होते आणि जिंकतो तो प्रेक्षकांचा लाडका. शिकवायचं ते कंटाळवाणं उत्तर. "बरं." "झालं का?" "मला जायचंय." तेवढं म्हणून चालू लागायचं, जिथे मोठं माणूस आहे त्या दिशेने. ह्याची घरी तालीम लागते. आईने टारगट व्हायचं, मुलाने "बरं" म्हणायचं, मग अदलाबदल. मुलं टारगटाचं काम झकास करतात, आणि त्यातून आपल्याला त्यांना न विचारता सगळे तपशील कळतात.

दुसरं म्हणजे जागा आणि वेळ बदलणं. पानगळ, बाईंकडून एवढं मागून घ्या की त्याला तास चालू असताना, हात वर करून, काही न विचारता जाता यावं. सुट्टीत जावंच लागू नये. हे उद्यापासून होऊ शकतं, त्याला समितीची बैठक लागत नाही. आणि चहाडी आणि मदत मागणं यातला फरक त्याला सांगून ठेवा. कुणाला तरी अडकवण्यासाठी सांगणं ही चहाडी. स्वतःला किंवा दुसऱ्याला अडकलेल्यातून सोडवण्यासाठी सांगणं म्हणजे मदत मागणं. त्याच्या बाबतीत तर तो शब्दशः अडकलेला आहे.

मुक्काम_पोस्ट | गुरुवार, रात्री ९:२५

इथे शिव्या पडतील, तरी लिहिते. मला शाळेतून फोन आला होता, माझा मुलगा त्रास देतो म्हणून.

माझं पहिलं वाक्य होतं, "माझा मुलगा असं करणं शक्यच नाही." दुसरं, "त्यानेही काहीतरी केलं असेल." तिसरं घरी आल्यावर त्याच्या पाठीत धपाटा. मारू नये हे मी त्याला मारून शिकवलं. नंतर हळूहळू कळलं की घरी मोठा चुलतभाऊ ह्याला जे करतो, ते हा शाळेत पुढे पाठवतो.

शिक्षा झालीच पाहिजे, माझा त्याला विरोध नाही. आमच्याकडे महिनाभर मैदानावरचा खेळ बंद होता, आणि शाळेने दर शुक्रवारी मला दोन ओळी लिहून पाठवायच्या असं ठरलं. तेव्हा कुठे सुधारलं, तेही एका दमात नाही. एकच सांगणं आहे : त्या मुलांच्या आईबापांना थेट फोन करू नका किंवा दारात जाऊ नका. त्या मुलाची आई एकदा आली होती. ती बरोबर होती. पण मी तिच्याशी भांडले, आणि माझा मुलगा पडद्यामागून बघत होता की आई माझी बाजू घेते.

अर्धविराम | गुरुवार, रात्री ९:४०

मुक्काम_पोस्ट, शिव्या कशाला? उलट आभार.

निवांत | शुक्रवार, सकाळी १०:०५

अवांतर नाही, म्हणून लिहितो. 'चालायचंच, आमच्या वेळीही होतं' याबद्दल. ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. ती ७ आणि ११ वर्षांची असताना मुलांकडून त्रास होतो का, हे त्यांच्या पालकांना विचारलं होतं. २०१४ मध्ये निष्कर्ष आले, साडेसात हजारांहून अधिक जणांचे. वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये पन्नाशीतही नैराश्य आणि चिंता जास्त आढळली, साथसंगत कमी. प्रत्येकाचं तसं होतंच असं मुळीच नाही. पण 'विसरून जाईल' हेही खरं नाही.

पोटदुखी फक्त शाळेच्या आदल्या रात्री होत असेल, झोपेत दचकत असेल, आवडती गोष्ट सोडली असेल, तर बालमानसतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. आणि 'मी नसतो तर बरं' अशा अर्थाचं काही मूल बोललं, गमतीत का होईना, तर त्याच दिवशी. तसं बोलेल त्या वेळी त्याला एकटं सोडू नका, आणि सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही.

पानगळ | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१५

उशीर झाला, माफ करा. अनेकांनी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) विचारलं, म्हणून इथेच लिहिते.

कागद लिहिला. अकरा ओळी. मुलाने वाचून एक शब्द खोडला. मी 'घाबरतो' लिहिलं होतं, त्याने 'जात नाही' केलं. वर्गशिक्षिका पहिल्या भेटीत म्हणाल्या, "तो जरा हळवाच आहे, नाही का?" फळा_खडूंची शिकवणी नसती तर मी तिथेच रडले असते. वही उघडली आणि तारखा वाचायला सुरुवात केली. चौथ्या तारखेला बाईंनी पेन उचललं.

तास चालू असताना जायची परवानगी दुसऱ्याच दिवशी मिळाली. स्वच्छतागृहाजवळ मोठं माणूस उभं करायला दहा दिवस लागले आणि दोन स्मरणपत्रं. मधे एकदा 'चौघांना समोरासमोर बसवू' हा प्रस्ताव आलाच. नाही म्हटलं. तिघांशी वेगवेगळं बोलले, त्यांच्या घरीही कळवलं. दार धरणं बंद झालं आहे. टोपणनाव बंद झालेलं नाही. कमी झालंय असं तो म्हणतो, पण माझ्या समाधानासाठी म्हणतो की खरंच, ते मला कळत नाही.

घरी 'बरं'ची तालीम झाली. तिचा एक परिणाम असा की आता मी काहीही सांगितलं की तो "बरं" म्हणतो आणि चालू लागतो.

काजवा, तो मुलगा सापडला. बस थांब्यावर शेजारी उभा राहणारा, किड्यांचं वेड असलेला. दोन रविवार आला. दोघे खाली कुंड्यांपाशी तासभर पालथे पडून होते. शाळेविषयी एक अक्षर बोलले नाहीत, निदान मला ऐकू आलं नाही.

तिरपागडा | रविवार, रात्री ९:३२

आणि बाटली?

पानगळ | रविवार, रात्री ९:४१

अर्धी असते. शुक्रवारी मात्र पूर्ण रिकामी होती. मी खूश होऊन विचारलं, तर म्हणाला, "मी नाही प्यायलो. त्याने गोगलगायीवर ओतली."

बूट मात्र काढून मग आत गेला.